वाण नाही पण गुण लागला

काल रात्री साडेअकरा वाजता मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, मोबाईलचा टॉर्च दातात धरून, एका पत्र्याच्या डब्याखाली विटांचे तुकडे सारत होतो. डबा किंचित कलला होता. वॉचमन वर आला.

"साहेब, काही पडलं का?"

"नाही हो. पाऊस मोजायचाय."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मी चांगलीच ओळखतो. लहानपणी मी माझ्या बाबांकडे तशाच नजरेने बघायचो. पण ते पुढे येईलच. आधी बायकोबद्दल सांगतो, कारण हा सगळा प्रकार तिच्यामुळे सुरू झाला.

मंडळी, माझी बायको गीक आहे. मराठीत गीकला शब्द नाही असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. छांदिष्ट आहे, नादिष्ट आहे, कोल्हापूरकडे नादखुळा आहे, हॉस्टेलवर आम्ही 'किडा' म्हणायचो आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सरळ 'येडं' म्हणतात. शब्द भरपूर आहेत, कौतुकाने वापरले जात नाहीत एवढंच.

मी स्वतः गीक नाही. बारावीला मार्क बरे पडले, शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजला नंबर लागला, कॅम्पसमधून पुण्यात नोकरी लागली. म्हणून मी इंजिनिअर. संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सकाळपर्यंत मला त्याचं तोंड बघवत नाही. ती मात्र ऑफिसचा लॅपटॉप मिटून स्वतःचा उघडते.

आमचं जमलं ते लोणारमुळे. जून २०२०ची गोष्ट. लॉकडाऊनमुळे मी मेहकरला घरी येऊन काम करत होतो. त्याच दिवसांत लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. सोमवारच्या टीम कॉलवर इतरांची वाट बघत आम्ही दोघंच होतो.

"तू मेहकरचा ना? तिथून लोणार किती लांब?"

"पंचवीसेक किलोमीटर."

"मग बघितलंस?"

"हो, बघितले ना फोटो. व्हॉट्सअ‍ॅपवर."

पलीकडे शांतता. मला वाटलं म्यूट झाली. मग अगदी हळू आवाज आला, "पंचवीस किलोमीटर?"

त्या रविवारी मी मोटारसायकल काढली आणि सुलतानपूरमार्गे लोणार गाठलं. खाली उतरलो नाही, काठावरच उभं राहून तिला व्हिडिओ कॉल लावला. रेंज येत-जात होती. तिचे प्रश्न काही थांबत नव्हते. रंग कडेला जास्त आहे की मध्ये? वास येतोय का? मागच्या वर्षीपेक्षा पाणी खाली गेलंय का? मला एकाचंही उत्तर देता येईना. शाळेच्या सहलीला चार वेळा मी तिथे गेलो होतो आणि मला आठवत होती ती फक्त डब्यातली पुरी-भाजी.

पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. पाऊस कमी झाल्याने पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यात 'हॅलोआर्किया' नावाचे मीठ मानवणारे सूक्ष्मजीव माजले. रंग त्यांचा. नमुना तसाच ठेवून दिला की ते तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ दिसतं. ही बातमी तिने मला रात्री एक वाजता पाठवली, खाली "बाटलीत ठेवून बघायला हवं होतं!!!" असं तीन उद्गारचिन्हांसकट. (अभयारण्य आहे, बाटली भरून आणता येत नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं.) लोकांना रात्री एक वाजता काय काय मेसेज येतात. मला हा आला, आणि मी तो चार वेळा वाचला. तेव्हाच समजायला हवं होतं.

२०२३च्या डिसेंबरात आमचं लग्न झालं. मेहकरला गृहप्रवेशाच्या वेळी बायकांनी दार अडवलं, नाव घे म्हणाल्या. तिने घेतलं:

राउटरला दिवे चार, मोडेमला तीन,
अमुकरावांच्या घरात आज माझं लॉगिन.

(माझं नाव इथे गाळलंय, ऑफिसातले लोक वाचतात.) माझ्या आत्याने शेजारणीला विचारलं, "लॉगीन म्हंजे काय वं?" शेजारीण म्हणाली, "पुण्याकडं माप ओलांडण्याले म्हनत असन." मला अजूनही वाटतं की याहून नेमका अर्थ कुणी सांगू शकणार नाही :-)

लग्नानंतर एक गंमत लक्षात आली. आमच्याकडे कुणी आलं आणि भिंतीवर सोल्डरिंग गनने जोडलेलं घड्याळ दिसलं, की कौतुक माझं होतं. मेहकरच्या दुकानात तिने राउटरबद्दल विचारलं तर दुकानदार उत्तर माझ्याकडे बघून द्यायचा. मी गरीब चेहरा करून तिच्याकडे बघायचो. असा त्रिकोणी संवाद दहा मिनिटं चालायचा. ती चिडत नाही. अशा वेळी ती मंगला नारळीकरांचं नाव घेते. जन्मभर कितीतरी लोकांनी त्यांना 'जयंत नारळीकरांच्या पत्नी' एवढंच ओळखलं. बाई स्वतः गणितज्ञ. लग्नाआधी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन करत होत्या, मग संसार, परदेशातलं बिऱ्हाड, मुली, आणि त्यातून १९८१मध्ये गणितात पीएचडी. त्यांचं 'गणितगप्पा' आमच्या शेल्फवर आहे. माझं वाचून झालंय. बघा, मी वाचलंय!

म्हणजे गुण लागायला सुरुवात झाली होती. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, तसं. प्रवासात ती समोरच्या गाडीचे शेवटचे चार आकडे घेते. समजा ४५२१. आकडे उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करायचे. ५४२१ वजा १२४५ बरोबर ४१७६. पुन्हा तेच. ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४च येणार. चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी या स्टॉपवर येतेच. हे शोधणारे द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. गणितातल्या बड्या लोकांनी त्यांना फारसं मोजलं नाही. १९७५मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं.

हे तिने बाबांना शिकवलं. माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, मेहकर डेपोला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या नंबरवर करून बघितलं, मग शेजाऱ्याच्या, मग डायरीतल्या जुन्या बसच्या नंबरांवर. शेवटी म्हणाले, "बाई, हे आधी सांगाचं ना. पस्तीस वर्षं नुसता रस्ता पाह्यला म्या."

लोणारलाही आम्ही सगळे मिळून गेलो. तिने खिशात होकायंत्र नेलं होतं. तिथल्या काही दगडांपाशी ते भरकटतं आणि 'बघा, उल्केचं लोखंड' असं लोक एकमेकांना सांगतात. ती म्हणाली, थांबा. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, त्यात मुळातच मॅग्नेटाइट असतं, तेवढ्याने सुई हलू शकते. मग पुरावा कुठला? सगळा परिसर ज्वालामुखीच्या खडकाचा, त्यामुळे हेही ज्वालामुखीचंच तोंड असावं असं बरेच दिवस मानलं जायचं. १९७३मध्ये 'सायन्स'मध्ये निबंध आला, तिथल्या खडकात प्रचंड धक्क्याशिवाय होत नाही अशी काच सापडल्याचा. तेव्हा उल्केचं नक्की झालं. पावणेदोन किलोमीटरच्या वर व्यास, तोही बेसाल्टमध्ये. चंद्रावरही बेसाल्ट असल्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ आमच्या जिल्ह्यात येतात. वय मात्र अजून भांडणाचा विषय आहे. एका पद्धतीने साधारण ५२ हजार वर्षं, दुसरीने ५ लाख ७० हजार.

आईने हे सगळं ऐकून घेतलं. मग तिने लवणासुराची गोष्ट सांगितली. तो जमिनीखाली बिळात राहायचा, विष्णूने अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं, हे पाणी म्हणजे त्याचं रक्त. "म्हून तं तव्हा लाल झालं होतं," आई म्हणाली. मी पुढच्या वादासाठी सावरून बसलो. पण बायकोने वहीच काढली. झाकण किती मोठं होतं? कुठे जाऊन पडलं? आई खुलली. तिला गेल्या वीस वर्षांत असे उलट प्रश्न कुणी विचारले नव्हते. मी तर नाहीच.

आता डब्याकडे येतो.

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेला आम्ही मेहकरला होतो. आमच्या जिल्ह्यात त्या दिवसाला भेंडवळची घटमांडणी असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ गाव आहे. तिथे संध्याकाळी शेतात गोल घट आखतात, कडेने अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, करंजी, पानसुपारी. रात्रभर कुणी फिरकायचं नाही. पहाटे काय हललं, काय भिजलं ते बघून पाऊसपाण्याचं, पिकांचं भाकीत सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी विरोध करतात आणि लोक दरवर्षी ऐकतात.

टीव्हीवर भाकीत आलं तसे बाबा उठले, कपाटातून वही आणली आणि लिहायला लागले. जून साधारण, जुलै अमुक, ऑगस्ट तमुक. बायकोने मान वाकडी करून बघितलं. डाव्या पानावर भेंडवळ. उजव्या पानावर रोजचे आकडे. मिलिमीटरमध्ये.

"बाबा, हे काय आहे?"

बाबा ओशाळले. "काही नाही बाई. आपलं येडं काम."

येडं काम १९९३ साली सुरू झालं होतं. आमचं चार एकर कोरडवाहू शेत आहे. त्याच्या आदल्या वर्षी पहिल्या पावसाला भुलून पेरणी केली, पुढे पावसाने ताण दिला आणि बियाणं गेलं. दुबार पेरणीचं कर्ज फेडता फेडता बाबांनी ठरवलं की यापुढे अंदाजाने पेरायचं नाही. सरळ बाजूंचा डबा घेतला, तोंडाएवढंच नरसाळं बसवलं म्हणजे उन्हाने पाणी उडत नाही, आत स्टीलची पट्टी. डब्यात जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. रोज सकाळी साडेआठला बघायचं, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठला बदलतो असं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर भरल्याशिवाय तिफण बाहेर काढायची नाही, हे कृषी खात्याचं सांगणं त्यांनी डब्यावर मोजून पाळलं. गाव हसायचं. सगळे पेरून मोकळे झाले तरी कंडक्टर गच्चीवर डबा बघत बसलाय! मीही हसायचो. मित्र घरी आले की मला तो डबा लपवावासा वाटायचा. आमच्यावर पुन्हा दुबार पेरणीची पाळी आली नाही, आणि माझ्या इंजिनिअरिंगच्या फीचा निम्मा भाग त्या शेतातून आला, हा हिशोब मी तेव्हा केला नव्हता.

बायकोने जेवणाआधी स्प्रेडशीट उघडली. बाबा वाचणार, ती टाइप करणार. भेंडवळचं भाकीत आणि डब्यातला पाऊस शेजारी शेजारी मांडायचा तिचा बेत होता. पहिल्याच ओळीला अडली.

"साधारण म्हणजे किती मिलिमीटर धरू?"

बाबा एकदम मांडी ठोकून म्हणाले, "हेच! हेच मी तीस वर्षं लोकायले विचारून राह्यलो!"

दोघांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला क्षणभर आपण पाहुणे आहोत असं वाटलं. (तुलना शेवटी झालीच नाही. साधारण, कमी-जास्त, कुठे जास्त कुठे कमी, हे शब्द कुठल्याही आकड्याला बसतात.)

थोड्या वेळाने तिचा हात थांबला. "बाबा, हे अक्षर तुमचं नाही."

खरंच नव्हतं. बाबांचे आकडे तिरके, हे गोल. जून-जुलैमध्ये तर निम्म्या ओळी गोल अक्षरात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते मुक्कामी गाडीवर राहत. मंग साडेआठले कोण पाह्यणार? पाऊस काही ड्युटी पाहून पडते का?"

मी थक्क झालो. गावात बाबांच्या डब्याला सगळ्यात मोठ्याने हसणारी माझी आई होती. चार बायकांत "आमच्या घरचं येडं" म्हणून किस्से सांगायची. आणि बाबा घरी नसलेली एकही सकाळ तिने चुकवली नव्हती. ऑगस्ट १९९७मधल्या पाच ओळी मात्र तिसऱ्याच अक्षरात होत्या.

"हे कोणाचं?"

"शेजारच्या काकूचं. तू झाला ना तव्हा. दवाखान्यात जातानी सांगून गेलती, साडेआठले डबा पाहा म्हून."

बायको माझ्याकडे बघून हसत होती. मला हसता येईना, कारण पुढे काय येणार ते मला माहीत होतं.

२००९ संपलं. पुढच्या वहीच्या पहिल्या पानावर २०१४ होतं आणि वर बाबांच्या अक्षरात एक ओळ: 'मागची वही सापडत नाही. शोध चालू आहे.'

"मधली चार वर्षं?" तिने विचारलं.

२०१४च्या दिवाळीत घराला रंग दिला होता. मी बारावीला. माळा साफ करायचं काम माझ्याकडे होतं. मी ती वही बघितली होती, उघडूनही बघितली होती. कशाची आहे ते मला पक्कं माहीत होतं. तरी रद्दीच्या गठ्ठ्यात घातली. सगळ्या गठ्ठ्याचे चाळीस रुपये आले, त्याचा मी रिचार्ज मारला. बाबा दोन महिने वही शोधत होते आणि मी शोधायला मदत करत होतो. दहा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

त्या दिवशी सांगितलं. सरळ, वहीकडे बघत.

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माहीत हाय. रद्दीवाला आपल्याच गाडीचा प्यासिंजर होता. आठ दिसानं बोलला. तवर माल खामगावले गेला होता."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

उत्तर आईने दिलं. "तुही बारावी होती ना."

कुणीच काही बोलेना. बायकोने हळूच विचारलं, पुढे जाऊ का. काहीतरी म्हणायचं म्हणून मी म्हटलं, "त्या वर्षांत शून्य टाक."

"शून्य नाही टाकायचं. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. इथे किती पडला ते आपल्याला माहीत नाही. रिकामं ठेवायचं."

डेटाबेसमधला हा फरक सांभाळायचा मला दरमहा पगार मिळतो. बाबांनी मात्र तो समजावून घेतला आणि म्हणाले, "बराबर. प्यासिंजरच नव्हता, अन् प्यासिंजर होता पण तिकीट फाडलं नाही, ह्याच्यात फरक हायच की."

मग आई पदराला हात पुसत येऊन बसली. बारा सालचं मला तोंडपाठ आहे, म्हणाली. दुष्काळाचं वर्ष. कुठल्या आठवड्यात आभाळ भरून यायचं आणि तसंच जायचं, विहिरीला किती परस पाणी उरलं होतं, कडबा कुठून आणला. बायकोने शेजारी नवा रकाना केला, 'आईंच्या आठवणीतून' असं नाव दिलं आणि सगळं लिहून घेतलं. मिलिमीटरच्या रकान्यात त्यातलं काही घातलं नाही. आईला ते बरोबर वाटलं.

रात्री गच्चीवर बायको मला म्हणाली, "चिडले नाहीये मी. पण सांगायचं होतंस." मी म्हटलं, हो. एवढंच बोलणं झालं. आणि मग मला आईचं ते गोल अक्षर डोळ्यांसमोर यायला लागलं. तिला मिलिमीटरचं काडीचंही प्रेम नव्हतं. तिला ते येडं वाटत होतं आणि वाटत राहिलं. पण ज्या माणसाला त्याचं एवढं महत्त्व, तो परगावी असताना त्याची ओळ रिकामी राहू द्यायची नाही, एवढं तिने धरून ठेवलं. मी मात्र इतकी वर्षं समजत होतो की नादिष्ट माणसाबरोबर राहायचं म्हणजे त्याचा नाद सहन करायचा.

तर आमच्या गच्चीवरचा डबा हा असा आलाय. स्प्रेडशीट आता चौघांत आहे. बाबा साडेआठनंतर मेहकरचा आकडा पाठवतात, मी पुण्याचा टाकतो. बायको या आठवड्यात कंपनीच्या कामाला बंगळूरला गेली आहे. जाताना तिने काही सांगितलं नव्हतं. मीच काल रात्री डबा कललेला बघून वर गेलो.

असो. रविवार आहे, आठ वाजून पंचवीस मिनिटं झालीत. आठवडाभर उघडीप आहे, डब्यात काही असणार नाही. तरी जाऊन बघतो. शून्य असेल तर शून्य लिहायला हवं.